एकच स्कोप, दोन रायफली: 3-9×40 एओ स्कोप आणि 11 मिलिमीटरच्या एकसंध माउंटचं परीक्षण

आधी निकाल. स्प्रिंगच्या एअर रायफलीवरून काढून पीसीपीवर (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर रायफलीवर) आणि तिथून पुन्हा परत, असा एकच स्कोप फिरवायचा असेल तर या संचातलं माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर धरून ठेवणारा जोड, जरूर घेण्यासारखं आहे. स्कोप कामापुरता आहे. खोक्यावर छापलेल्या ‘काढा, लावा, झिरो तोच’ या वाक्यावर मात्र विसंबू नका (झिरो म्हणजे ठरलेल्या अंतरावर स्कोपचा नेम आणि छर्रा एकाच जागी जुळवणं). 11 मिलिमीटरच्या डव्हटेलवर (रायफलीच्या माथ्यावरच्या तिरक्या कडांच्या रेलवर) स्कोप हलवला की पाच छर्रे कागदावर घालावेच लागतात, मग माउंट कितीही भारी असो.

हा संच ऑनलाइन वेगवेगळ्या छापांखाली मिळतो, म्हणून हे परीक्षण नावाचं नाही, वस्तूचं आहे. स्कोप 3 ते 9 पट मोठं दाखवणारा, पुढची काच 40 मिलिमीटर, नळी एक इंची म्हणजे 25.4 मिलिमीटर. पुढच्या काचेभोवती एओ रिंग, म्हणजे अंतराप्रमाणे चित्र स्पष्ट करायची कडी आहे, तिच्यावर 10 यार्डांपासून पुढच्या खुणा आहेत. रेटिकल (आत दिसणाऱ्या नेमाच्या रेघा) मिल-डॉट, म्हणजे ठिपक्यांचं. टरेट (नेम सरकवायच्या खुंट्या) फिरवले की होणारी क्लिक पाव एमओएची, एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. माउंट एकाच तुकड्यातलं, सुमारे 100 मिलिमीटर लांब. तळाला डव्हटेल आवळणारे तीन स्क्रू, वर दोन रिंगा, प्रत्येक टोपीला चार स्क्रू, आणि मागच्या बाजूला तळातून खाली येणारी स्टॉप पिन.

कोणासाठी, तेही सांगायला हवं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक ओळखीची आहे. तिच्या गुळगुळीत नळीला या स्कोपचा काही उपयोग नाही. 10 मीटर एअर रायफल स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या मुलामुलींनाही हा घेऊन देऊ नका. त्या स्पर्धेत पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची सोय) लागते, स्कोप चालत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेही पीप साइटमधूनच. स्कोप आहे तो 20-25 मीटरवर कागदी टार्गेट आणि डबे मारणाऱ्यांसाठी. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. ही सूट हत्यार बाळगण्यापुरती आहे. बागेतल्या वानर-माकडांवर किंवा पाखरांवर छर्रा सोडायची मोकळीक ती देत नाही, तिथे वन्यजीव संरक्षण कायदा लागतो.

स्प्रिंगची रायफल स्कोप का खाते

पीसीपीला धक्का जवळजवळ नसतो, स्प्रिंगला दोन असतात. चाप ओढला की जड पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे येते. पुढच्याच क्षणी पिस्टन कोंडलेल्या हवेवर आपटून थांबतो आणि रायफल पुढे हिसकते. या दुसऱ्या हिसक्याला स्कोप जागच्या जागी राहू पाहतो, रेल त्याच्याखालून पुढे सरकते, आणि पन्नास-शंभर छऱ्यांत माउंट दोन-तीन मिलिमीटर मागे आलेलं दिसतं. काडतुसाच्या रायफलीसाठी बनलेल्या स्कोपच्या काचा मुख्यतः एकाच दिशेचा धक्का सोसायच्या हिशोबाने बसवलेल्या असतात, म्हणून महाग असूनही तो स्प्रिंगवर निकामी होऊ शकतो. या संचातला स्कोप एअरगनसाठीचा म्हणूनच विकला जातो, आणि त्याच्या बाजूने पहिला मुद्दा हाच.

माउंटच्या बाजूने पहिला मुद्दा स्टॉप पिन. ती रिसीव्हरच्या (नळीमागच्या मुख्य सांगाड्याच्या) मागच्या भोकात उतरली की मागे सरकायला जागाच उरत नाही. पण तिचं माप बघून उतरवा. पिन जास्त खाली घातली तर ती भोकाच्या तळाला टेकते आणि माउंट मागून केसभर उचलून धरते. मग तळाचे स्क्रू कितीही आवळा, पकड अर्धीच बसते. रीत अशी: पिन पूर्ण वर घ्या, माउंट रेलवर ठेवून भोकाच्या वर आणा, पिन हळू खाली उतरवा, टेकली की अर्धा आटा मागे घ्या, माउंट भोकाच्या मागच्या कडेला भिडेपर्यंत मागे ओढा आणि मगच स्क्रू आवळा. तळाचे स्क्रू आधी मधला, मग टोकाचे दोन, असे तीन फेऱ्यांत आवळायचे, एकदम एकच नाही. पीसीपीच्या रेलवर बहुधा असं भोक नसतं. तिथे पिन पूर्ण वर घेतलीच पाहिजे, नाहीतर ती रिसीव्हरला ओरखडते आणि माउंट तिरकं बसतं.

मागवण्याआधी दोन मापं घ्या. पहिलं रेलचं: डव्हटेल नावाला 11 मिलिमीटरचं असतं, प्रत्यक्षात रायफलीगणिक रुंदी थोडी कमीजास्त भरते, व्हर्नियर लावून बघा. पिकॅटिनी रेलवर हे माउंट बसतच नाही. तिच्या आडव्या खाचा 5.23 मिलिमीटर रुंद आणि मध्यापासून मध्यापर्यंत 10 मिलिमीटर अंतरावर असतात, त्यांना वेगळी पकड लागते. अडॅप्टर मिळतो, पण तो उंची वाढवतो. दुसरं माप पीसीपीच्या मॅगझिनचं. बऱ्याच पीसीपींत मॅगझिन रिसीव्हरच्या वर डोकावतं आणि एकसंध माउंट नेमकं त्याच जागेवरून जातं. माउंटचा तळ आणि मॅगझिनचा माथा यांत फट उरत नसेल तर हा संच त्या रायफलीसाठी नाही, हे आधीच कळलेलं बरं.

दोन सुट्या रिंगा घेतल्या तर मॅगझिनची अडचण टळते, हे खरं. पण अदलाबदलीच्या कामाला आम्ही एकसंधच घ्या म्हणू. सुट्या रिंगा दुसऱ्या रेलवर त्याच अंतरावर, त्याच सरळ रेषेत बसतील याची खात्री नसते. प्रत्येक वेळी टोप्या उघडल्या की स्कोपचा तोल, डोळ्याचं अंतर, सगळं पुन्हा मांडावं लागतं. एकसंध माउंटमध्ये स्कोप एकदा बसवला की रिंगांना हात लावायचा नाही. अख्खा जोड काढायचा, अख्खा लावायचा. या संचाची खरी किंमत त्यातच आहे.

एकदाच, पण नीट बसवणं

रेल आणि माउंटचा तळ आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. किनाऱ्यावर हे विशेष जपायला हवं, कारण इथे वाळू प्रत्येक पिशवीत आणि प्रत्येक फडक्यात असते. 100 मिलिमीटर लांबीच्या माउंटच्या एका टोकाखाली 0.1 मिलिमीटरचा एक कण अडकला, तर 20 मीटरवर छर्रा 20 मिलिमीटर हलतो. ‘झिरो आपोआप गेला’ अशा बहुतेक तक्रारींच्या मुळाशी असा कण, तेलाचा थर किंवा गंजाचा पापुद्रा निघतो.

स्कोप रिंगांत सैल ठेवून 9 पटीवर घ्या, गाल नेहमीच्या जागी टेकवा आणि पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत मागेपुढे करा. डोळा साधारण 80 मिलिमीटरवर येतो. हे दोन्ही रायफलींवर ठेवून बघा, कारण दस्त्यांची लांबी सारखी नसते आणि मधली जागा निवडावी लागते. मग तोल. दहा-बारा मीटरवर गवंड्याचा ओळंबा टांगा आणि रेटिकलची उभी रेघ त्याच्या दोरीला जुळवा. रायफल आडवी सपाट आहे याची खात्री रिसीव्हरवर छोटी लेव्हल ठेवून करा. रेटिकल तिरकं राहिलं तर उंचीची क्लिक देताना छर्रा बाजूलाही सरकतो आणि माणूस वाऱ्याला दोष देत बसतो.

टोप्यांचे स्क्रू आलटून-पालटून, कोपऱ्याला कोपरा, आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळायचे. 1.7 ते 2 न्यूटन-मीटर पुरे. टॉर्कची किल्ली नसेल तर एलन कीचं लांब टोक स्क्रूत घालून आखूड टोक दोन बोटांनी फिरवा, जोर आपोआप मर्यादेत राहतो. उलट धरून मनगटाने पिळलं की नळी चेपते, आणि चेपलेल्या नळीत क्लिक अडखळतात. संचासोबत येणारी एलन की मऊ आहे, तिच्या कडा लवकर गोल होतात. हार्डवेअरच्या दुकानातून चांगली घ्या. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावायचं तर टोप्यांनाच, तेही थेंबभर. तळाचे स्क्रू प्रत्येक अदलाबदलीत उघडायचे असतात, त्यांना नको.

मोडून भरायच्या रायफलीत आणखी एक गोष्ट निघते: नळी रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते. मग वरची क्लिक देत देत टरेट संपतो तरी छर्रा खालीच. टरेट संपायच्या आधीच बिघाड सुरू होतो. आतली नळी ज्या स्प्रिंगच्या जोरावर टरेटच्या स्क्रूला टेकून राहते, तिचा ताण टरेट फार वर गेला की सैल पडतो आणि प्रत्येक धक्क्याबरोबर झिरो भटकतो. उपाय टरेटमध्ये शोधू नका, माउंटमध्ये शोधा. मागच्या रिंगेत, स्कोपच्या खाली, शीतपेयाच्या ॲल्युमिनियम कॅनची एक पट्टी घाला. तिची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते. रिंगांमधलं अंतर 100 मिलिमीटर धरलं तर 25 मीटरवर छर्रा 25 मिलिमीटर वर येतो. दोन पट्ट्यांच्या पुढे जाऊ नका, नळी वाकते. त्याहून जास्त लागत असेल तर झुकाव भरून काढणारं माउंट घ्या. आणि या एका जोडाला दोन्ही रायफली सांभाळायच्या आहेत, म्हणून स्प्रिंगसाठी घातलेली पट्टी पीसीपीला फार वर तर नेत नाही ना, तेही तपासा. टरेट दोन्हींवर मधल्या पट्ट्यात राहिला की जमलं.

झिरो, आकड्यांसह

स्कोपची स्वतःची परीक्षा पीसीपीवर घ्या, म्हणजे रायफलीची चूक स्कोपच्या माथी बसत नाही. 20 मीटरवर पाच छर्रे. मग निशाणा त्याच ठिपक्यावर ठेवून 20 क्लिक वर, पाच छर्रे. 20 उजवीकडे, पाच. 20 खाली, पाच. 20 डावीकडे, पाच. पाव एमओएची क्लिक 20 मीटरवर सुमारे 1.45 मिलिमीटरची, म्हणून 29 मिलिमीटर बाजूचा चौकोन उमटायला हवा आणि शेवटचे पाच पहिल्या पाचांवर पडायला हवेत. चौकोन लहानमोठा निघाला तर हिशोबात धरून चालवता येतो. शेवटचा गट पहिल्यावर आला नाही तर परत करण्याची मुदत संपायच्या आत स्कोप परत पाठवा.

या स्कोपची क्लिक मऊ आहे. बोटांना कळते, पण ठाम नाही, आणि दिशा बदलली की पहिली एक-दोन क्लिक काहीच करत नाही. म्हणून खाली यायचं असेल तर पाच क्लिक जास्त खाली जाऊन पाच वर या, शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने ठेवा. क्लिक दिल्यावर पहिले दोन छर्रे मोजू नका.

झिरोची सुरुवात 10 मीटरवर एका छऱ्याने. कागदावर कुठेतरी लागला, की ढोबळ दुरुस्ती करा. तिथे एक क्लिक 0.73 मिलिमीटरची, म्हणून क्लिक भरपूर लागतात, घाबरू नका. मग 20 मीटरवर पाच छऱ्यांचा गट. एका छऱ्यावरून दुरुस्ती करायची नाही, गटाचा मध्य काढायचा. समजा मध्य 22 मिलिमीटर खाली आणि 9 मिलिमीटर उजवीकडे आहे: 22 ला 1.45 ने भागून 15 क्लिक वर, 9 ला भागून 6 क्लिक डावीकडे. टरेटवरचा बाण छर्रा कुठे सरकेल ते दाखवतो, रेटिकल कुठे सरकेल ते नाही. पुन्हा पाच. 25 मीटरवर जाल तर क्लिक 1.8 मिलिमीटरची धरा. 25 ला झिरो केलेली, सेकंदाला 200 मीटरच्या आसपास वेगाची रायफल 10 मीटरवर काही मिलिमीटर खाली आणि 15 ते 20 मीटरच्या टप्प्यात काही मिलिमीटर वर मारते, तो दोष नाही. स्कोप नळीपासून किती उंच बसला यावर हे आकडे बदलतात, म्हणून दोन रायफलींचे वेगळे येणारच.

दोन्ही रायफली एकाच पद्धतीने धरून झिरो करू नका. पीसीपी वाळूच्या पिशवीवर खुशाल टेकवा. स्प्रिंगची रायफल कठीण आधारावर ठेवली किंवा आवळून धरली की छर्रा भलतीकडे जातो, कारण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत ती हलायला लागलेली असते. ती उघड्या तळहातावर नुसती ठेवायची, खांद्याला हलकी लावायची, आणि हात दरवेळी त्याच जागी.

झिरो आणि सराव एकाच पटीवर करा. रेटिकल मागच्या फोकस प्रतलात असल्यामुळे पट बदलली की मिल-डॉटमधलं अंतर बदलतं, आणि या दर्जाच्या स्कोपमध्ये पट फिरवल्याने झिरोही किंचित सरकू शकतो. एओ रिंगवरच्या यार्डांच्या खुणांवर भरवसा ठेवू नका. टेपने 10, 15, 20, 25 मीटर मोजून चित्र कुठे स्पष्ट होतं आणि डोळा हलवला तरी रेटिकल ठिपक्यावरून कुठे सरकत नाही ते बघा, पांढऱ्या पट्टीवर स्वतःच्या खुणा करा.

हे सगळं करताना मागे काय आहे ते सर्वात आधी. चिऱ्याच्या गडग्यावर किंवा घराच्या जोत्यावर छर्रे मारू नका, चपटा झालेला छर्रा उलटा येतो. रेतीने ठासून भरलेली गोणी, तिच्यामागे जाड फळी, आणि डोळ्यांवर गॉगल. वेळ सकाळची. रात्रीचे मतलई वारे ओसरून खारे वारे सुरू व्हायच्या मधला शांत तास झिरोला सगळ्यात चांगला. दुपारी सड्यावर उभं राहून झिरो केला तर त्या दिवशीचा वारा टरेटमध्ये कायमचा भरून ठेवला जातो. सेकंदाला दोन मीटरची आडवी झुळूकही 25 मीटरवर हलका छर्रा सेंटिमीटरभर तरी हलवते.

अदलाबदलीची वही

दोन्ही टरेट हलक्या हाताने एका टोकापर्यंत नेऊन तिथून क्लिक मोजा आणि प्रत्येक रायफलीचा आकडा लिहा. समजा तळापासून स्प्रिंगला 138, पीसीपीला 112 आले. मग स्प्रिंगवरून पीसीपीवर जाताना 26 क्लिक खाली. डावं-उजवंही तसंच. सोबत छऱ्याचा प्रकार आणि डबा, अंतर, पट, आणि पीसीपी असेल तर हवेचा दाब लिहा. रेग्युलेटर (दर छऱ्याला सारखाच दाब देणारा भाग) नसलेल्या पीसीपीत दाब उतरला की वेग बदलतो, म्हणजे झिरोही. रेलवर माउंट कुठे बसलं त्याची रेघ मार्करने ओढून ठेवा. वहीतल्या आकड्याने पहिला छर्रा कागदावर नक्की लागतो. पुढचे चार बाकीचं सांगतात. दर बदलाला पाच ते दहा छर्रे, यापलीकडे हे काम जात नाही, आणि ‘क्विक रिलीज’ नावाखाली मिळणाऱ्या महाग माउंटनेही डव्हटेलवर ते टळत नाही.

खारी हवा

कोकणात या संचाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. फोमच्या कव्हरात स्कोप ठेवू नका, फोम ओल धरून बसतो आणि काचेवर बुरशीचे धागे उगवतात. ते काचेचं आवरण खातात, पुसून जात नाहीत. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल, रंग बदलला की मंद आचेवर जुन्या तव्यात गरम करून पुन्हा वापरायचं. एओ रिंग हा फिरणारा सांधा आहे, ओल शिरायची पहिली वाट तीच. भिजत्या पावसात स्कोप बाहेर काढू नका.

गंजाच्या भीतीने रायफलीला तेल पाजणं ही किनाऱ्यावरची नेहमीची चूक. स्प्रिंगच्या रायफलीत ते तेल पिस्टनपुढे पोचलं की दाबाने पेटतं, धूर येतो, वेग वरखाली होतो, आणि स्कोप झिरो धरत नाही असं वाटत राहतं. बाहेरून पातळ तेलाचं फडकं फिरवा, नळीच्या मागच्या भोकात थेंबही नको. खोबरेल तर नकोच, 24 अंशांच्या खाली ते थिजतं. पीसीपी हातपंपाने भरत असाल तर पंपाला ओल शोषणारा फिल्टर लावा, इथली दमट हवा पाणी बनून सिलिंडरमध्ये साचते.

माउंटचं ॲल्युमिनियम टिकाऊ आहे. टोप्यांचे काळे स्क्रू मात्र एका पावसाळ्यात तांबूस होतात. माप घेऊन स्टेनलेसचे बसवा, आट्यांना कणभर ग्रीस लावून, कारण खाऱ्या हवेत स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांत चिकटतात. ग्रीस असेल तिथे थ्रेडलॉकर नको, आणि किल्लीही थोडी हलक्या हाताने. आठही स्क्रू एकदम काढू नका. एक काढा, एक लावा, मग पुढचा. स्कोप रिंगेत जागचा हलत नाही. शेवटी 20 मीटरवर पुन्हा पाच छर्रे.